राणीचा चौघडा, बाळाचा पाळणा

योहान सेबास्टियन बाखच्या 'ख्रिसमस ऑरेटोरिओ'च्या हस्तलिखितात पहिल्याच समूहगानाशी एक खाडाखोड आहे. स्वरांखाली शब्द भरताना त्याच्या हातून एका जुन्या गाण्याचे शब्द उतरले. नगाऱ्यांना आणि तुताऱ्यांना वाजायला सांगणारे ते शब्द. मग त्याने ते खोडले आणि नाताळचे नवे शब्द लिहिले. सूर जसेच्या तसे राहिले. १७३४ सालची ही खाडाखोड बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. बाखला पूज्य मानणाऱ्या अनेकांना पुढे या उसनवारीने अवघडल्यासारखं झालं. इतकं पवित्र संगीत आधी कुठल्या तरी वाढदिवसाला वाजून गेलेलं असावं, हे त्यांना पचेना. मला मात्र या सबंध रचनेत शिरायला तीच वाट सापडली.

ही रचना मी समोर बसून ऐकली ती लाइपझिगला, नाताळच्या सुट्टीत मैत्रिणीकडे राहायला गेले तेव्हा. आम्ही दोघी संभाजीनगरच्या पुंडलिकनगरच्या. गजानन महाराज मंदिराच्या चौकातून आत जाणाऱ्या रस्त्याच्या अल्याडपल्याडच्या गल्ल्यांत वाढलो. घरोघरचे पुरुष चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या कंपनीत शिफ्टला, आणि बायका दुपारी भजनी मंडळात. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू आमच्याकडच्या मुलामुलींचं जर्मन शिकणं ही नुसती हौस राहिली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर ए-वन, बी-वन या परीक्षांची चर्चा चहाच्या टपरीवरही ऐकू येते. मैत्रीण त्या लाटेच्या कितीतरी आधी गेलेली. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिच्या घरात शेगावच्या महाराजांचा फोटो आहे आणि त्याच्याच खालच्या फळीवर बाखच्या सीडी. आपल्याकडून नेलेलं आणि तिथे मिळालेलं असे दोन कप्पे तिने केलेले नाहीत, आणि पुढे आमचं जे बोलणं झालं ते त्यामुळेच होऊ शकलं.

डिसेंबरातलं सॅक्सनी अंधारं असतं. सकाळी आठनंतर कधीतरी उजाडतं आणि दुपारी चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात. त्या अंधारावरचा तिथला उपाय खिडक्याखिडक्यांत दिसतो: अर्धगोल लाकडी कमान आणि तिच्या कडेवर ओळीने मेणबत्त्या, हल्ली बहुतेक विजेच्या. ही कमान एर्ट्सगेबिर्ग डोंगरातल्या खाणकामगारांची. चांदी-कथलाच्या खाणीत हिवाळ्यात माणूस उजाडायच्या आत उतरायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा, त्यामुळे उजेडाचं मोल त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं. मैत्रिणीच्या खिडकीतल्या कमानीत पातळ लाकडातून कोरून काढलेले दोन खाणकामगार उभे आहेत, एका बाजूला लाकूड कोरणारा माणूस बसला आहे, दुसऱ्या बाजूला लेस विणणारी बाई. गोठ्यातलं बाळ या कमानीत नाही. देवजन्माच्या सणात त्या डोंगरातल्या माणसांनी स्वतःला कामासकट बसवून घेतलं आहे. हे डोळ्यांसमोर ठेवून ऑरेटोरिओ ऐकायला गेलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आम्ही सेंट टॉमस चर्चमध्ये ऐकलं. बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगच्या चर्चांच्या संगीताचा कारभारी होता. त्याची कबर १९५० पासून याच चर्चमध्ये, वेदीपुढे, साध्या ब्राँझच्या पत्र्याखाली आहे. गाणारी मुलं १२१२ मध्ये स्थापन झालेल्या टॉमस शाळेच्या वृंदातली. गायक-वादक मागच्या उंच सज्जात आणि श्रोते पुढे तोंड करून बाकांवर बसलेले, त्यामुळे कोण गातंय, कोण वाजवतंय हे दिसत नाही. थंडीमुळे लोक कोट अंगातच ठेवतात. डोळ्यांना काही काम उरत नाही, आणि पाठीमागून, वरून, आवाज येतो.

'ख्रिसमस ऑरेटोरिओ' हे नाव ऐकून एका बैठकीची रचना असेल असं वाटतं. मुळात हे सहा भाग आहेत आणि ते सहा वेगवेगळ्या दिवशी गायचे होते: नाताळचे तीन दिवस, एक जानेवारी, त्यानंतरचा रविवार, आणि सहा जानेवारीचा तीन राजांचा सण. १७३४ च्या पंचवीस डिसेंबरला पहाटे पहिला भाग सेंट निकोलस चर्चमध्ये झाला आणि दुपारी तोच सेंट टॉमसमध्ये. गाणारी-वाजवणारी मंडळी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेली. सप्ताह बसतो तसा हा देवजन्माचा सप्ताह होता. आत एक निवेदक आहे, तो शुभवर्तमानातली कथा जवळजवळ बोलल्यासारखी गाऊन सांगतो. कथा थोडी पुढे सरकली की कोणीतरी थांबून तिचं निरूपण करतं. मग एक पद येतं. आणि अधूनमधून सगळ्यांच्या ओळखीच्या चालीतलं स्तोत्र येतं, ज्याला जर्मन लोक कोराल म्हणतात. पहिल्या भागात एके ठिकाणी वरच्या आवाजातली मुलं स्तोत्राची एकेक ओळ गातात आणि प्रत्येक ओळीनंतर खर्जातला गायक मध्ये शिरून तिचा अर्थ लावतो. ते ऐकताना मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या मंदिरात कीर्तनकार अभंगाचं एक चरण घेऊन असाच थांबायचा.

आता त्या खाडाखोडीकडे येते. पहिला आवाज तालवाद्याचा, आणि तोही एकट्याचा. टिंपनी ही नगाऱ्याच्याच कुळातली, पूर्वेकडून युरोपात गेलेली. ती दोन सुरांवर मिळवलेली असते, इथे सा आणि मंद्र प. एवढ्या दोन सुरांचा एक छोटा तुकडा वाजतो आणि क्षणभर बाकी सगळं गप्प. मग बासऱ्या उत्तर देतात, मागून ओबो, मग व्हायोलिन धावत सुटतात, मग तुताऱ्या. इतकं झाल्यावर वृंद येतो तो चारही आवाज एकत्र, एकाच सुरावलीत, टिंपनीचेच बोल तोंडाने म्हणत. हे संगीत मूळचं सॅक्सनीच्या राज्यकर्त्याची पत्नी आणि पोलंडची राणी मारिया जोसेफा हिच्या वाढदिवसाचं, आठ डिसेंबर १७३३ चं. त्यात शब्द नगाऱ्याला वाजायला सांगत होते, म्हणून नगारा वाजत होता. नाताळच्या शब्दांत नगाऱ्याचं नावही नाही. तरी मला नवं रूप जास्त खरं वाटतं. जुन्या गाण्यात नगारा हुकमाचा ताबेदार होता. इथे आनंद आधी वाजतो आणि माणसं त्याच्या मागून शब्द घेऊन धावत येतात.

एका राणीच्या वाढदिवसाचं संगीत एकाच संध्याकाळचं असतं. दुसऱ्या वर्षी नवं मागतात. नाताळ मात्र दरवर्षी येतो. मरून जाणार असलेलं उत्तम काम बाखने परत परत येणाऱ्या सणाच्या ओटीत घातलं, हे मला त्याचं शहाणपण वाटतं. आणि आपल्याला तर याचं नवल वाटायचं काहीच कारण नाही. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापलेला सापडतो. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये 'स्वयंवर'साठी ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली आणि रुक्मिणी ती गायली. भजनी मंडळातल्या बायकांनी नाट्यपदाच्या चालीवर अभंग बसवला की कोणी हरकत घेत नाही, उलट टाळ जरा जोरात वाजतो. बेथलेहेमची कथासुद्धा मराठीत अशीच आली. इंग्लंडमधून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने पुराण सांगायची आपली रीत आणि ओवी हाती घेतली, आणि १६१६ मध्ये गोव्यात राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. पुढे रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा अभंग आणि कीर्तन त्यांनी बरोबर नेलं. नव्या देवाला जुन्या चालीत हाक मारणं हा लबाडीचा मार्ग नव्हे. ज्या चालीने माणूस आधीच हललेला असतो ती चाल त्याला ओळखीच्या हाताने आत नेते.

बाखचं खरं कसब कुठे आहे ते दुसऱ्या भागात कळतं. या भागात तुताऱ्या नाहीत, टिंपनी नाही. रात्र आहे, रानात मेंढपाळ आहेत. सुरुवातीला गाणं नाही, नुसतं वाद्यसंगीत. डुलत्या तालात व्हायोलिन आणि बासऱ्या एक धून धरतात, ती वरची, देवदूतांची. मग खालून चार ओबो दुसरी धून घेऊन येतात, ती मेंढपाळांची. या चारांतल्या दोघांना 'ओबो दा काच्चा' म्हणतात. बाखच्या काळचं हे वाद्य विळ्यासारखं वाकलेलं, लाकडाचं, वरून चामड्याने मढवलेलं आणि तोंडाशी पितळी कर्णा लावलेलं असे, आणि ते बनवणारा एक नामांकित कारागीर लाइपझिगमध्येच होता. त्याचा आवाज जाड, किंचित घोगरा. सुरुवातीला दोन्ही गट आळीपाळीने वाजतात, एकमेकांना ऐकतात. हळूहळू मधलं अंतर कमी होतं, आणि शेवटाकडे मेंढपाळांच्या पाव्याशी देवदूतांची धून अशी मिसळते की कोण कोणाचं वाजवतंय याची निवड करावीशी वाटत नाही. संपूर्ण रचनेत मला सगळ्यात प्रिय काय असं कोणी विचारलं तर मी हाच तुकडा सांगेन. देव खाली आला असं सांगणारी गाणी पुष्कळ आहेत. इथे रानातल्या माणसांचं साधं वाजवणं वरच्यांना ऐकावंसं वाटलं आहे.

यानंतर पाळणा येतो. त्याचं पूर्वायुष्य आणखी धक्का देणारं आहे. १७३३ च्या पाच सप्टेंबरला सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसासाठी बाखने हर्क्युलीसची कथा संगीतात बांधली होती. तरुण हर्क्युलीस दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे, एका बाजूला सद्गुण, दुसऱ्या बाजूला भोग. भोग त्याला भुलवण्यासाठी गातो: नीज, सुखात लोळ, कष्ट कशाला. भोगाचं ते गाणंच बाखने बाळ येशूचा पाळणा केलं. शब्द बदलले, पण एवढ्यावर तो थांबला नाही. गाणं वरच्या आवाजातून काढून खालच्या, भरदार आवाजाला दिलं आणि पट्टीही उतरवली. नुसत्या तारवाद्यांवर न भागवता ओबो आणले, आणि गायिकेच्या सुरावर बरोबर एक सप्तक वर बासरी ठेवली. पहिल्याच शब्दावर स्वर लांबवून धरलेला आहे. खाली खर्जाची वाद्यं एकाच सुरावर पुन्हा पुन्हा येत राहतात, पाळण्याची दोरी ओढल्यासारखी. भुलवणीच्या गाण्यात ही गुंगी सापळा होती. इथे तीच गुंगी माया आहे. दोन्ही ठिकाणी एकच आर्जव आहे, 'डोळे मीट, मी आहे इथे'. खोटं असतं ते म्हणणाऱ्याच्या मनात. सुरात खोटं नव्हतं, म्हणून तो सूर दुसऱ्याच्या तोंडी शुद्ध होऊ शकला.

हा पाळणा मरियेचा आहे असं पुष्कळ ऐकणारे धरून चालतात. रचनेत तसं नाही. आधीच्या निरूपणात मेंढपाळांना सांगितलं आहे की जा, त्याच्या पाळण्याशी उभे राहा आणि सगळे मिळून हे गाणं गा. म्हणजे पाळणा आधी शिकवला आहे, बाळ अजून दिसायचं आहे. मैत्रीण म्हणाली, "अगं, रामनवमीला आपल्याकडे बारा वाजायच्या आधी कशा सगळ्या बायका पाळण्याच्या भोवती तयार होऊन उभ्या असायच्या!" तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. पाळणा आईने म्हटला तर तो घरातला राहतो. मेंढपाळांनी म्हटला, गल्लीतल्या बायकांनी म्हटला, की जन्म सगळ्यांचा होतो. दोरीला हात लावायला रांग लागते.

तिसऱ्या भागात मेंढपाळ पोहोचतात, पाहतात, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटतात. कथा मग एकच वाक्य मरियेबद्दल बोलते: तिने हे सगळं मनात ठेवलं. या वाक्यानंतर जे पद येतं ते एकल पदांपैकी, अभ्यासक मानतात त्याप्रमाणे, या रचनेसाठी नव्याने बांधलेलं एकमेव. जुन्या राजघराण्याच्या गाण्यांतून बाखला राजाचा दरारा सापडला, पाळणा सापडला, विरह सापडला. मरियेच्या गप्प राहण्याला मात्र त्याच्यापाशी तयार चाल नव्हती. पद आकाराने लहान, सूर उदास, आणि गायिकेच्या सोबतीला एकच व्हायोलिन. ते व्हायोलिन मिरवत नाही. तिच्या ओळीभोवती फिरतं, ती थांबली की तिथून पुढे जातं, पुन्हा परत येतं. वाढदिवसाच्या दरबारात गप्प बाईचं गाणं कोणी मागितलंच नसणार. मला वाटतं, उसनवारीबद्दल बाखला नावं ठेवणाऱ्यांनी इथे थांबून ऐकावं. कुठे जुनं चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही, याची पारख ज्याला आहे त्याच्या उसनवारीला आळस म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला काथारिनेनष्ट्रासवर नेलं. राणीच्या वाढदिवसाचं ते पहिलं वादन याच रस्त्यावरच्या झिमरमनच्या कॉफीगृहात झालं होतं. विद्यार्थी आणि शहरातले वादक मिळून तिथे आठवड्याच्या बैठकी करत आणि बाख त्यांचा म्होरक्या होता. ती इमारत डिसेंबर १९४३ च्या बॉम्बवर्षावात गेली. तिथून चालत काही मिनिटांवर नाताळचा बाजार भरलेला होता, लाइपझिगचा हा बाजार १४५८ पासूनचा सांगतात. सेंट निकोलस चर्चही जवळच, जिथे ऑक्टोबर १९८९ मध्ये सोमवारच्या प्रार्थनेनंतर सत्तर हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली आणि पूर्व जर्मनीच्या सत्तेला हात उगारता आला नाही. ज्या भिंतींनी पंचवीस डिसेंबरची ती पहाट ऐकली त्यांनीच हेही पाहिलं. राणी गेली, कॉफीगृह गेलं, राज्यं आली आणि गेली. ऑरेटोरिओसुद्धा बाखनंतर विसरलाच गेला होता. १८५७ मध्ये बर्लिनच्या गायनमंडळाने तो पुन्हा उभा केला.

आमचा वाद झाला तो एका चालीवरून. पहिल्या भागातल्या पहिल्या कोरालची चाल युरोपात बहुतेकांना क्रूसावरच्या येशूच्या स्तोत्रामुळे माहीत आहे. बाखने 'मॅथ्यू पॅशन' या येशूच्या क्रूसमरणाच्या रचनेत ती पाच वेळा वापरली, आणि तो पॅशन १७२७ च्या शुभ शुक्रवारी याच सेंट टॉमस चर्चमध्ये गायला गेला होता. त्याच्याही आधी, १६०१ मध्ये, हान्स लेओ हास्लरने ती चाल बांधली तेव्हा ते एका मुलीच्या प्रेमात गोंधळलेल्या माणसाचं गाणं होतं. बाखने तिच्यावर पाउल गेर्हार्टचं १६५३ चं, येणाऱ्याचं स्वागत कसं करू असं विचारणारं स्तोत्र ठेवलं. माझं म्हणणं, बाळ जन्मायच्या आधीच बाखने त्याचं मरण ऐकवलं. मैत्रीण म्हणाली, "इथे ही चाल इतक्या स्तोत्रांना लावलेली आहे की दर वेळी लोकांना क्रूस आठवत असेल असं कशावरून?" तिचा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही, अभ्यासकांतही त्यावर दुमत आहे.

डिसेंबरात बहुतेक ठिकाणी पहिले तीनच भाग गातात, तसे आम्हीही तेवढेच ऐकले होते. उरलेले तीन आम्ही तिच्या घरी ध्वनिमुद्रणावर ऐकले. सहाव्या भागाच्या अगदी शेवटी तुताऱ्या आणि टिंपनी जोरात सुरू होतात, आणि त्या गर्दीच्या मधोमध वृंद तीच चाल गातो. ऑरेटोरिओतलं पहिलं कोराल आणि शेवटचं कोराल एकाच चालीचं. हे ठरवून केलेलं आहे याबद्दल मला शंका नाही, क्रूस कोणाला आठवो न आठवो.

आणि या दोन वेळांतला फरक आपल्या कानाला पटकन कळण्यासारखा आहे. पहिल्या वेळी चाल ज्या सुरावर संपते तोच तिचा आधार वाटतो, त्याच्या लगेच वर कोमल ऋषभ, सगळा रंग भैरवीच्या जवळचा. शेवटच्या वेळी सुरावली तीच, पण बाखने खालचा षड्ज हलवला आहे. शेवटचा तो सूर आता गंधार होऊन बसतो आणि सगळं बिलावलासारखं मोकळं होतं. बिलावलाचा गंधार षड्ज धरला की भैरवीचे सूर मिळतात, हे आपल्याकडे पेटीवर बोटं फिरवायला शिकणाऱ्या मुलांनाही दाखवतात. मैत्रिणीने फोनवर तानपुरा लावला, आणि मी ती चाल आधी एका षड्जावर आणि मग दुसऱ्यावर गुणगुणले. क्रूसाचं माझं म्हणणं तिला अजूनही मान्य नाही. हे मात्र तिने लगेच मान्य केलं, आणि पुंडलिकनगरच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या तिच्या मावशीला त्याच रात्री फोनवर ऐकवलं.